काळ, जागा आणि सोबती

माझा धंदा आवाजाचा. दिवसा छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतल्या दुकानात लोकांच्या घरातली यंत्रं उघडून बसायचं. त्यात रेकॉर्ड प्लेअर येतात, टेपरेकॉर्डर येतात, जुने अँप्लिफायर येतात, हल्ली ब्लूटूथचे स्पीकरही येतात. संध्याकाळी कुठे गाण्याचा कार्यक्रम असला की माईक, केबल, मिक्सर टेम्पोत घालून निघायचं. त्यामुळे घरी बसून गाणं ऐकणारा माणूस सकाळी माझ्या काउंटरवर भेटतो आणि मैफलीत ऐकणारा रात्री मिक्सरपुढच्या खुर्च्यांवर. बऱ्याचदा तो एकच माणूस असतो, आणि तोच मला विचारतो, “भाऊ, तुम्ही यंत्र इतकं छान करून दिलंय, घरी एवढं स्वच्छ ऐकू येतं. मग तिकीट काढून, गाडी लावायला जागा शोधत तिथं यायचं कशाला?”

प्रश्न मनापासूनचा असतो, म्हणून उत्तरही तसंच देतो. नुसत्या आवाजाच्या प्रतीचा विचार केला तर घरचा आवाज बहुतेक वेळा सरस असतो. स्टुडिओत माईक गायकाच्या तोंडापासून हवा तेवढ्याच अंतरावर असतो, भिंती आवाज शोषणाऱ्या असतात, नको ते कापून टाकता येतं. आमच्या शहरातल्या कुठल्याही सभागृहात कडेच्या मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला आधी स्पीकरचा आवाज येतो, मग तोच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून दुसऱ्यांदा येतो, आणि डग्ग्याची घुमक शब्दांवर पसरते. मी माझ्या परीने ते सावरतो, पण भिंत हलवता येत नाही. केवळ स्वच्छ आवाज हवा असेल तर माणसानं खुशाल घरी बसावं. मैफलीला जा असं मी सांगतो ते दुसऱ्याच कारणासाठी.

पण आधी घराबद्दल. माझं अर्धं पोट त्यावर चालतं म्हणून नव्हे, तर मराठवाड्यात गाणं पोचवलं ते घरातल्या यंत्रांनी, म्हणून. पुण्या-मुंबईसारखे रोज संध्याकाळी मोठे कार्यक्रम आमच्याकडे कधीच नव्हते. आकाशवाणीनं १९५२ साली शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसणारी घरं इकडच्या तालुक्यांच्या गावांतही होती. एखादा मोठा गवई आपल्या गावात कधीच येणार नाही हे ठाऊक असलेला माणूसही त्याला महिनोन्‌महिने ऐकत असे. रेडिओ बिघडला तर दुरुस्तीसाठी शनिवारच्या आत तगादा लावणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. शनिवार चुकला की तो राग पुन्हा कधी कानावर येईल याचा भरवसा नसायचा.

दुकानात येणाऱ्या जुन्या रेकॉर्डींत लाखेच्या ७८ गतीच्या रेकॉर्डी असतात. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. कलकत्त्यात १९०२ साली गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हापासून आपल्या गवयांना त्या तीन मिनिटांशी जुळवून घ्यावं लागलं. तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवायचा तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे गवयालाच ठरवावं लागे. त्यातून काही रेकॉर्डी अशा उतरल्या की एकही स्वर जास्तीचा नाही. ती एक वेगळीच कला होती आणि ती मैफलीत जन्मली नसती. पुढे लाँग-प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि विलंबित ख्याल पहिल्यांदा धड श्वास घेत घरात आला. गाणं शिकणाऱ्या पोरांनी सुई उचलून तीच तान पुन्हापुन्हा लावून ती गळ्यावर चढवली. मैफलीत हे जमत नाही. तिथं गेलेली तान गेली.

सगळ्यांत जास्त जपून आणल्या जातात त्या मात्र ना लाखेच्या रेकॉर्डी ना लाँग-प्ले. लोक जपतात खाजगी मैफलींच्या कॅसेटी. कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या गच्चीवर गाणं झालेलं असतं आणि पहिल्या रांगेतल्या कुणी मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर ठेवून ते धरलेलं असतं. पावसाळ्याच्या दमटीनं फितीवर बुरशी चढलेली असते. यंत्रातला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झालेला असतो. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व दुसऱ्या वेढ्यावर उतरतं, मग गवयाची जागा यायच्या किंचित आधीच तिची पुसट सावली ऐकू येते. पंचेचाळीस मिनिटांनी बाजू संपते आणि नेमका द्रुत रंगात आलेला असताना आवाज तुटतो. मी हेड स्पिरिटनं पुसतो, पट्टा बदलतो, फीत संगणकावर उतरवून देतो आणि विचारतो, “मधलं खोकणं, टाळ्या, खुर्च्यांचे आवाज काढून टाकू का?” आजवर कुणीही हो म्हटलेलं नाही. एक निवृत्त शिक्षक तर घाबरूनच म्हणाले, “नका हो! ती ‘वाहवा’ माझ्या वडिलांची आहे.”

त्या उत्तरानं मला बरंच शिकवलं. स्वच्छ रेकॉर्ड बाजारात मिळत असताना माणसं ही खरखरीत फीत जिवापाड जपतात, कारण तिच्यात गवयासोबत ऐकणारेही आहेत. घरी एकट्यानं ऐकतानासुद्धा त्यांना चार जण आसपास हवे असतात.

आता मैफलीकडे येतो. दुपारी चार वाजता आम्ही साऊंड चेक करतो तेव्हा सभागृह रिकामं असतं. टाळी वाजवली की आवाज वर छताला जाऊन फिरून येतो. त्याच सभागृहात सहा वाजता लोक भरले की सगळं बदलतं. माणसांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, विशेषतः वरच्या पट्टीतला. तानपुऱ्याची झळाळी कमी होते, शब्दांची टोकं बोथट होतात. दुपारी लावून ठेवलेले आकडे निरुपयोगी ठरतात आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळं नव्यानं जुळवावं लागतं. एअरकंडिशनर सुरू होताच तबल्याची पुडी आणि तानपुऱ्याच्या तारा आपली जागा सोडतात. म्हणून कलाकार मंचावर बसल्यावर पुन्हा लावत बसतो. लोक चुळबुळ करतात, घड्याळ बघतात. मला ती मिनिटं फार मोलाची वाटतात. तानपुरा जुळत जातो तसे सभागृहातले आवाज एकेक करून विझत जातात, आणि जुळला की शांतता आपोआप झालेली असते. ध्वनिमुद्रणात हे कापलेलं असतं. तिथं गाणं एकदम सुरू होतं आणि आपण त्याच्यासाठी तयार झालेलो नसतो.

पण मला खरी गोष्ट कळली ती एका गायिकेमुळे. त्यांचं नाव इथे नको. साऊंड चेकच्या वेळी कलाकार साधारणपणे मॉनिटर वाढवून मागतात. मॉनिटर म्हणजे मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ज्यातून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो. या बाईंनी पहिला ख्याल सुरू झाल्यावर मला हातानं खूण केली, कमी करा. मी कमी केला. पुन्हा खूण. आणखी कमी केला. शेवटी तो जवळजवळ बंदच झाला. मध्यंतरात मी काळजीनं विचारायला गेलो, काही बिघडलं का? त्या म्हणाल्या, “नाही हो, माझा आवाज मला माहीत आहे. मला लोक ऐकू येत नव्हते.”

तेव्हापासून मी मिक्सरवर बसून लोकांकडे जास्त बघतो. दुसऱ्या रांगेत एखादे जुने तबलजी बसलेले असतात. समेवर त्यांची मान कशी हलते याकडे गाणाऱ्याची नजर असते. एखादी जागा घेतली आणि तिथं सभागृहातून बारीकसा उसासा आला, की तीच जागा थोडी फिरवून पुन्हा येते, मग तिच्यातून तिसरी निघते. लोक थंड बसले तर विलंबित आवरतं घेतलं जातं. लोक उठू लागले तर गाणारा ठुमरीकडे, अभंगाकडे वळतो. म्हणजे त्या संध्याकाळी तो राग पन्नास मिनिटं चालला की वीस, यात समोरच्या खुर्च्यांचाही हात असतो. रेकॉर्डपुढे मी कितीही दाद दिली तरी ती आहे तेवढीच आणि आहे तशीच राहते.

आमच्या भागाला हे नवं नाही. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथं सिंघण यादवाच्या दरबारी शारंगदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं. हा स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी, आणि त्यानंच ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. उत्तर आणि दक्षिण, दोन्हीकडचे संगीतकार त्याला आधार मानतात. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. ते वाचताना मी थबकलो, कारण त्यातले बरेच कानानं कळणारे नाहीतच. दात आवळून गाणारा, तोंड भयंकर वासणारा, उंटासारखी मान उंचावणारा, मान वाकडी करणारा, डोळे मिटून गाणारा, हे सगळे दोषी. आज डोळे मिटून गाण्याला आपण तल्लीनता म्हणतो, शारंगदेव त्याला दोष म्हणतो. गाणं हे समोर बसून, बघत ऐकायचं असतं हे त्याच्या लेखी इतकं उघड होतं, की गाणाऱ्यानं समोरच्यांकडे पाहिलंच पाहिजे अशी त्याची अपेक्षा दिसते. घरच्या स्पीकरवर यातला एकही दोष कळायचा नाही, आणि डोळ्याला डोळा भिडवून गाणाऱ्याचा गुणही कळायचा नाही.

त्याच्याच नावानं आमच्या शहरात एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या परिसरात महागामी गुरुकुल दरवर्षी जानेवारीत शारंगदेव समारोह भरवतं. कथक, ओडिसी, ध्रुपद, वीणा, आणि सकाळच्या वेळी सप्रयोग व्याख्यानं. सकाळी थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या पोरांना वादक तार छेडून दाखवतो आणि ती संपेपर्यंत कुणी हलत नाही. वीणेचा स्वर विझत जातो तो शेवटचा भाग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, हे मी त्या पोरांना मुद्दाम सांगतो.

देवगिरीच्या पुढे खुलताबाद. तिथं चौदाव्या शतकात बुऱ्हाणुद्दीन गरीब हे सूफी संत होऊन गेले. समा म्हणजे एकत्र बसून गाणं ऐकणं ही त्यांच्यासाठी साधना होती, आणि समाची त्यांची ओढ प्रसिद्ध आहे. सूफींच्या परंपरेत ऐकण्याला तीन अटी सांगितल्या जातात. काळ योग्य हवा, जागा योग्य हवी आणि सोबत बसणारे योग्य हवेत. अटी कव्वालाला नाहीत, ऐकणाऱ्याला आहेत. उरुसाच्या रात्री तिथं मी ऐकत बसलो आहे. एखादी ओळ कुणाला लागली, तो हलला, की कव्वाल ती ओळ सोडत नाही, त्याच्यासाठी ती पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. पैठणला नाथषष्ठीला कीर्तनात टाळकरी बुवांच्या तोंडचा शब्द झेलून घेतात तेव्हाही हेच घडत असतं.

काळ, जागा, सोबती. घर आणि मैफल यांचा हिशेब मी आता या तीन अटींवर मांडतो.

काळाच्या बाबतीत घर जिंकतं, आणि याचं मला वाईट वाटतं. पूर्वी गाणी रात्रभर चालत. पुण्यात १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सवही पहाटेपर्यंत रंगे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षाला जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. नियम योग्यच आहे, शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेची पोरं असतात. पण त्याची किंमत गाण्यानं मोजली. मध्यरात्रीनंतरचा दरबारी, पहाटेचा ललित ही मंडळी उघड्या मंचावरून जवळपास हद्दपार झाली. संध्याकाळी सहा ते दहाच्या रागांवरच बहुतेक कार्यक्रम उभे राहतात. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांनी सकाळचे राग थोडे परत आणले, तो मराठी माणसाचा मोठा उपकार आहे. पण रात्री दीडचा मालकंस रात्री दीडलाच ऐकायचा असेल तर आज घरच गाठावं लागतं. मी तसा ऐकतो, दिवा बंद करून, आवाज अगदी कमी ठेवून.

जागेच्या बाबतीत मैफल जिंकते. वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात, दगडी फासळ्यांच्या कमानदार छताखाली उभं राहून नुसता षड्ज लावून पाहा. आवाज कितीतरी वेळ रेंगाळतो. तिथं जलद तान घेतली तर सगळा चिखल होईल, एकेक स्वर सावकाश ठेवला तर मागचा स्वर पुढच्याला साथ करतो. लेणं स्वतःच लय ठरवून देतं. वेरूळ-अजिंठा महोत्सव पूर्वी कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर व्हायचा, नंतर तो सोनेरी महालाच्या आवारात आला. काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ साली तो पुन्हा झाला. उघड्यावर भिंती नसतात, आवाज परत येत नाही, वारा फिरला की तो एकीकडे वाहून जातो. तिथं काम करणं अवघड असतं, पण डोंगराच्या कुशीत फेब्रुवारीच्या हवेत बासरी ऐकणं आणि हॉलमध्ये तीच ऐकणं हे दोन वेगळे अनुभव आहेत. जागा गाण्याचा भाग होते. कानात घालायच्या बोंडात जागाच नसते.

आणि सोबती. घरी आपण एकटे असतो आणि हाताशी बटण असतं, इथं सगळा फरक पडतो. विलंबिताची पाच मिनिटं झाली की अंगठा पुढे सरकवतो. मधेच फोन येतो. गाणं संपायच्या आत यंत्रच पुढचं गाणं सुचवतं. मैफलीत माझ्या मिक्सरला सगळी बटणं आहेत, पण ऐकणाऱ्याच्या हातात एकही नाही. कंटाळा आला तरी बसावं लागतं, आणि बसलं की कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी उघडतं. गाण्याशी जन्माचं नातं जडलेली जी माणसं मला माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांना ते अशाच एखाद्या लांबलेल्या, सुरुवातीला जड वाटलेल्या रागानं जोडून दिलेलं आहे.

पं. नाथराव नेरळकर २०२१ साली गेले. नांदेडहून येऊन या शहराचे झालेले, मराठवाड्याच्या गाण्याचे वडीलधारे. त्यांच्यासमोर बसून जे ऐकलं त्यातलं फारसं माझ्याकडे कुठल्याही फितीवर नाही. आवाजाचा धंदा करणाऱ्या माझ्याकडेही नाही. आज ते ऐकावंसं वाटलं तर आठवणीशिवाय मार्ग नाही. पुढच्या वेळी जाऊ, असं म्हणून घरी राहिलेल्यांकडे तेवढंही नाही.

माझ्या क्षेत्रातली एक तक्रार इथे मांडतो. मैफलीतला आवाज फार वाढला आहे. एका आयोजकानं मला ख्यालाच्या कार्यक्रमात तीन वेळा माणूस पाठवून सांगितलं, आवाज वाढवा, शेवटच्या रांगेला जोर वाटला पाहिजे. लग्नाच्या वरातीचं मोजमाप गाण्याला लावलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमांच्या ठिकाणांसाठी मानक दिलं, त्यात सरासरी शंभर डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. ती कानाला इजा होऊ नये म्हणून आखलेली हद्द आहे, ख्यालानं तिथवर जायचं काहीच कारण नाही. तानपुरा हे मुळात हळू वाद्य आहे. त्याला स्पीकरनं गर्जायला लावलं तर ऐकणारा पुढे झुकत नाही, मागे रेलतो. मग गाणाऱ्याला लोक ऐकू येत नाहीत आणि मैफलीचं जे एकमेव कारण आहे तेच जातं. असल्या कार्यक्रमापेक्षा घरची रेकॉर्ड शंभर पटीनं बरी, हे मी धंद्याचं नुकसान सोसून सांगतो.

घरी ऐकण्यालाही मैफलीची शिस्त लावता येते. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे. जुन्या रेकॉर्डी जमवणारी माणसं एकत्र बसून त्या ऐकतात, त्यांच्याबद्दल बोलतात. आमच्याकडेही काही घरांत महिन्यातून एखाद्या संध्याकाळी पाच-सात जण जमतात. फोन बाहेरच्या खोलीत, सुई ठेवली की बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही, एवढाच नियम. त्यातल्या एका घरी यंत्र जुळवायला गेलो आणि शेवटपर्यंत बसून राहिलो. बाजू संपल्यावर जी दाद आली ती गवयापर्यंत पोचणार नव्हती, तरी ती एकमेकांपर्यंत पोचली.

म्हणून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. घरी ऐका, रोज ऐका, पण आठवड्यातून एकदा तरी एखादा राग कुणाला तरी शेजारी बसवून, पुढे न सरकवता पुरा ऐका. आणि शहरात गाणं असेल तर तानपुरा जुळायच्या आधी येऊन बसा, मधल्या रांगांत, भिंतीपासून दूर. फोन बंद ठेवा. गाण्यातली एखादी जागा आवडली तर मोकळेपणानं दाद द्या, मंचावर ती ऐकू जाते. आवाज जास्त वाटला तर मध्यंतरात उठून मागे माझ्याकडे या आणि सांगा. मी कमी करीन.